मधले आठवडे

उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, राखेच्या बुधवारी, चर्चमध्ये एक विसंगती घडते आणि वर्षानुवर्षं ती कुणाला खटकत नाही. आधी मत्तयच्या शुभवर्तमानातला उतारा वाचतात. उपास कराल तेव्हा चेहरा पाडून फिरू नका, तोंड धुवा, डोक्याला तेल लावा, पोटात काही नाही हे फक्त देवाला कळू द्या, असा त्याचा आशय. त्यावर प्रवचन होतं, आणि लगेच आम्ही सगळे रांग लावून कपाळावर राखेचा क्रूस काढून घेतो. पाच पावलांवरून दिसेल असा, काळाभोर. मी पहाटेच्या मिस्सेला जाते, त्यामुळे तो क्रूस घेऊनच नालासोपाऱ्याच्या फलाटावर उभी राहते.

लेडीज डब्यात दरवर्षी एखादी नवीन मुलगी असते. ती हळूच म्हणते, "काकू, कपाळाला काजळ लागलंय," आणि पर्समधून ओला टिश्यू काढते. जुन्या बायका तिला थांबवतात. "राहू दे गं, आज त्यांचा सण आहे." सण कसला, तर आपण मातीचे आहोत आणि मातीतच जाणार आहोत हे सकाळी सकाळी ऐकून घेण्याचा. पण मी दुरुस्ती करत बसत नाही. विरार लोकलमध्ये सकाळी सव्वासातला मरणावर बोलायला जागा नसते, उभं राहायलाही नसते.

ती राख येते गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारातून. त्या दिवशी आशीर्वाद दिलेल्या झावळीच्या पातीचा आमच्याकडे छोटा क्रूस विणतात आणि पवित्र कुटुंबाच्या तसबिरीमागे खोचून ठेवतात. वर्षभर तो तिथेच वाळतो. त्यावर धूळ बसते, कोळी जाळं करतो, पालीला आडोसा मिळतो. उपवासकाळ जवळ आला की तो काढायचा, टोकाकडून भुगा होत हातात येतो, आणि चर्चच्या पायरीशी ठेवलेल्या टोपलीत टाकायचा. येशूच्या स्वागताला हलवलेली झावळी वर्षाच्या आत राख होऊन आपल्या कपाळावर येते, यावर वेगळं प्रवचन करायची गरजच उरत नाही.

इटलीत ही राख डोक्यावर भुरभुरतात, केसांत ती दिसतही नाही. 2021 मध्ये कोविडमुळे व्हॅटिकनने सगळीकडेच तसं करायला सांगितलं होतं. मत्तयशी ती पद्धत जास्त जुळते हे खरं. पण कपाळावरच्या राखेने कुणाला गर्व झाल्याचं मी पाहिलेलं नाही. गर्व सुरू होतो दुसऱ्या दिवसापासून, कपाळ धुतलेलं असतं आणि यंदा आपण काय काय सोडलं याची यादी मनात घोळत असते तेव्हा.

चर्चचा नियम तसा फार थोडा आहे. पोप सहावे पॉल यांनी 1966 मध्ये जुनी कडक बंधनं सैल केली. आता सक्तीचे उपास दोनच, राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे. अठरा ते एकोणसाठ वयातल्या धडधाकट माणसाने त्या दिवशी एकदाच पोटभर जेवायचं, बाकी दोन वेळा थोडंसं. चौदा वर्षांपुढच्यांनी शुक्रवारी मांस वर्ज्य करायचं. संपला नियम. उपवासकाळ चाळीस दिवसांचा म्हणतात, पण कॅलेंडरवर बोट ठेवून मोजलं तर राखेच्या बुधवारपासून पवित्र शनिवारपर्यंत शेहेचाळीस भरतात. मधले रविवार मोजायचे नसतात, रविवार पुनरुत्थानाचा.

आणि मांस नाही म्हणजे मासे चालतात. वसईत हा नियम समजावून सांगताना हसू आवरावं लागतं. समुद्रकाठच्या माणसाला शुक्रवारी मटणाऐवजी पापलेट खा म्हणायचं, आणि त्याला प्रायश्चित्त म्हणायचं! माझ्या माहेरी आजी शुक्रवारी मासळीलाही हात लावत नसे. वालाचं बिरडं, नाहीतर शेवग्याच्या शेंगांची आमटी. तिने नियमाचं पुस्तक पाहिलेलं नव्हतं. लॅटिन मिस्सेच्या काळात वाढलेली बाई, वेदीवर फादर काय म्हणताहेत ते तिला निम्म्या आयुष्यात कळलं नव्हतं. नियमाला पळवाट कुठे आहे हे मात्र तिला बरोबर कळायचं, आणि दिसली की ती स्वतःपुरती बंद करून टाकायची.

नियम थोडा, म्हणजे उरलेलं सगळं आपल्यावर. गावातले पुरुष दारू सोडतात. राखेच्या बुधवारी सोडतात आणि ईस्टरच्या दुपारी, इंद्यालच्या पातेल्यावरचं झाकण निघायच्या आत, व्याजासकट वसूल करतात. मधला दीड महिना घरातली बाई शांत झोपते. आमच्या आळीतल्या एकीने फादरांना तोंडावर सांगितलं होतं की चाळीस दिवस कुणी ठरवले, चारशे ठरवायला हवे होते. तरुण मुलं इन्स्टाग्राम सोडतात आणि सोडत असल्याचं इन्स्टाग्रामवरच कळवतात. बायका मालिका सोडतात, गोड सोडतात. 2025 साली मी चहा सोडायचं ठरवलं.

सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी मठातल्या बंधूंसाठी नियमावली लिहिली. तिचं 49वं प्रकरण उपवासकाळावर आहे, जेमतेम पानभर. मठवाश्याचं सगळं आयुष्यच उपवासकाळासारखं असायला हवं, पण तेवढी ताकद फार थोड्यांत असते, तेव्हा निदान या दिवसांत प्रत्येकाने आपखुशीने काहीतरी वाढवावं, असं ते म्हणतात. जेवण थोडं कमी, झोप कमी, बडबड कमी, थट्टामस्करी कमी. मात्र आपण काय सोडणार आहोत ते मठाधिपतीला आधी सांगायचं आणि त्याचा होकार घेऊनच सोडायचं. न विचारता केलेलं तप मिरवण्यात जमा. माणसाला ओळखून असलेल्या माणसानेच असं कलम घालावं.

आमच्या ऑफिसात नगरची एक सहकारी आहे. तिचे पणजोबा अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीतले. त्या मिशनचे पहिले मिशनरी 1813 मध्ये मुंबईत उतरले, 1831 मध्ये मिशन नगरला पोचलं. ते मिशनरी मूळचे प्युरिटन परंपरेतले, आणि त्या परंपरेला उपवासकाळ वगैरे मान्यच नव्हतं. देवाला सगळे दिवस सारखे, मग चाळीसच का निवडायचे, असा त्यांचा रोखठोक प्रश्न. पुढे 1970 मध्ये नागपूरला उत्तर भारतातल्या प्रोटेस्टंट मंडळ्या एकत्र आल्या, अँग्लिकनांचं कॅलेंडर आणि या मंडळींचा साधेपणा एका छपराखाली आला. आता ती आणि मी दोघीही जेवणाच्या सुट्टीत उपवासकाळाबद्दल बोलतो. तिच्या पणजोबांचं म्हणणं आणि बेनेडिक्टचं म्हणणं एकच आहे असं मला वाटतं. दोघांनाही वर्षभराची निष्ठा हवी आहे. फक्त बेनेडिक्टने माणसं रोज पहाटे उठवून पाहिली होती, त्यामुळे त्याने चाळीस दिवसांवर तडजोड केली.

माझे मठाधिपती म्हणजे सासूबाई. पंच्याऐंशी उलटलेली, गुडघे गेलेले, मोतीबिंदूचं ऑपरेशन एकाच डोळ्याचं झालेलं, कान मात्र शाबूत. मी म्हटलं, "आई, यंदा चहा सोडतेय."

"सोड. पण माझा करताना तोंड पाडू नकोस."

मत्तयचं सहावं प्रकरण एका वाक्यात आटोपलं. मग थोडं थांबून म्हणाल्या, "त्यापेक्षा रोज रात्री वाचून दाखव. मला आता अक्षर लागत नाही."

हे माझ्या यादीत नव्हतं. चहा सोडणं माझ्या हातातलं होतं. मी सोडणार, डोकं दुखणार, तेही मीच सोसणार, आणि त्याचं कौतुकही आतल्या आत मलाच. वाचून दाखवणं दुसऱ्याच्या वेळेवर, दुसऱ्याच्या लयीत, मध्येच येणाऱ्या खोकल्यासकट. बेनेडिक्टच्या मठात उपवासकाळ सुरू होताना प्रत्येकाला ग्रंथालयातून एक पुस्तक देत आणि ते पहिल्या पानापासून सलग वाचायचं असे. आमच्याकडे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं 'सुबोध बायबल' होतं. 2010 मध्ये आलेलं हे पुस्तक इतकं जाड आहे की मांडीवर घेतलं तर थोड्या वेळाने पाय बधिर होतो. फादर नंदाखालचे, आमच्याच बाजूचे. 2020 मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले तेव्हा आईंनी टीव्हीसमोर खुर्ची ओढून पूर्ण भाषण ऐकलं होतं. 2024 च्या जुलैमध्ये ते गेले. त्यामुळे पुढच्या वर्षी उपवासकाळात त्यांचं पुस्तक मोठ्याने वाचताना, एखादं वाक्य अगदी वसईच्या माणसाने सांगितल्यासारखं आलं की आई म्हणायच्या, "हे फादरांचंच."

राखेच्या बुधवारनंतरच्या पहिल्याच शुक्रवारी मिस्सेचं वाचन असतं यशयाच्या 58व्या प्रकरणातलं. त्यात देव उपास करणाऱ्या लोकांवरच उखडलेला आहे. उपास करता आणि त्याच दिवशी मजुरांना राबवून घेता, भांडता, हाणामारी करता. असली मान खाली घालणं मला नको. मला हवा तो उपास म्हणजे जुलमाची गाठ सोडवणं, भुकेल्याला आपल्यातलं देणं, बेघराला घरात घेणं, उघड्याला पांघरूण घालणं. आणि या मोठमोठ्या कामांच्या शेवटी, जाता जाता म्हटल्यासारखी एक गोष्ट येते की स्वतःच्या रक्तामासाच्या माणसाकडे पाठ फिरवू नका.

"पुन्हा वाच," आई म्हणाल्या.

मी पुन्हा सगळं वाचलं. त्यांना सगळं नको होतं, शेवटचं तेवढंच हवं होतं.

आमच्या घराला लागून भिंत आहे, भिंतीपलीकडे दिरांचं घर. पूर्वी भिंत नव्हती, मधे विहीर होती आणि विहिरीवर दोन्ही घरांचा रहाट. वाडीची मोजणी झाली, सातबाऱ्यावरून शब्दाला शब्द वाढला, बांध कुठे आणि कोपऱ्यातला आंबा कुणाचा इथपर्यंत आलं. तेव्हापासून बोलणं बंद. वसईत हे सांगायलाही नको, दर तिसऱ्या घरात असंच काही ना काही आहे. जमिनीला सोन्याचा भाव आला आणि सख्खे भाऊ एकमेकांना वकिलाच्या नोटिशीतून भेटू लागले. हरित वसईच्या लढ्यात फादर दिब्रिटोंच्या मागे हीच माणसं बाहेरच्या बिल्डरांविरुद्ध एका रांगेत उभी राहिली होती. जमीन वाचवायला जमलेले हात नंतर ती वाटून घेताना एकमेकांवर उगारले गेले, याचं मला अजून नवल वाटतं आणि रागही येतो.

रविवारी मिस्सेत शांतीचं अभिवादन असतं. फादर म्हणतात, एकमेकांना शांती द्या, आणि सगळे शेजारच्यांना हात जोडतात. माझा नवरा डावीकडे हात जोडतो, उजवीकडे जोडतो, पुढच्या बाकावरचं कुणी वळलं तर त्यालाही जोडतो. मागे वळत नाही. मागच्या बाकावर त्याचा भाऊ असतो. भाऊही इतक्या बाकांतून नेमका तोच बाक का धरतो, हे कोडं मला सुटलेलं नाही. कधीकधी वाटतं, वळलाच तर चुकू नये म्हणून.

यशया वाचल्यानंतरच्या शुक्रवारी आईंनी मला एक वाटी बिरडं भिंतीवरून द्यायला लावलं. "मी कशी देऊ?" मी म्हटलं. "हाताने," त्या म्हणाल्या. जावेने वाटी घेतली, काही बोलली नाही. संध्याकाळी वाटी घासून, पुसून भिंतीवर ठेवलेली. रिकामी. आपल्याकडे शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत पाठवत नाहीत, निदान साखरेचे चार दाणे तरी टाकतात. तेवढ्यातच जे कळायचं ते कळलं. पुढच्या शुक्रवारी आईंनी पुन्हा वाटी काढली.

उपवासकाळाचा पहिला आठवडा सोपा असतो. राख असते, नवा उत्साह असतो, डोकेदुखीसुद्धा नवीन असते. शेवटचा आठवडाही सोपा, कारण तो आपल्याला ओढून नेतो. झावळ्या, गुरुवारी पाय धुण्याचा विधी, शुक्रवारी उन्हात क्रूसाची वाट, शनिवारी रात्री अंधारात पेटणारी पास्काची मेणबत्ती. परीक्षा असते मधल्या आठवड्यांत. त्या दिवसांत चर्चमध्येही काही घडत नाही. गौरवगीत बंद, आलेलुया बंद, जांभळी वस्त्रं, वेदीवर फुलं नाहीत. गावभर मोगरा फुललेला असतो, पहाटे त्याचे पुडे बांधून बायका दादरच्या बाजाराला निघतात, आणि वेदी मात्र उघडी. शुक्रवारी संध्याकाळी क्रूसाच्या वाटेची चौदा स्थानं, त्याच प्रार्थना, तेच गुडघे टेकणं, तोच कुणाचातरी मध्येच वाजणारा मोबाइल.

त्यात माझं काम हिशेबाचं, आणि उपवासकाळ बहुतेक वर्षी मार्च एंडवरच येऊन आदळतो. रात्री नऊला घरी यायचं, जेवायचं आणि ते जाड पुस्तक मांडीवर घ्यायचं. निर्गमनातले इस्राएली लोक वाळवंटात कुरकुर करत होते आणि वाचताना मी पेंगत होते. आई डोळे मिटून ऐकायच्या, मी एखादी ओळ गाळली की डोळे न उघडता म्हणायच्या, "मागे ये." भक्तिभाव वगैरे म्हणतात तो त्या आठवड्यांत माझ्या आसपासही फिरकला नाही. मी वाचत होते कारण साडेनऊ वाजले होते आणि त्या वाट बघत होत्या. मला आता वाटतं की निष्ठेला एवढं कारण पुरतं. भाव येतो-जातो, त्याच्या भरवशावर राहिलं असतं तर दुसऱ्याच आठवड्यात पुस्तक कपाटात गेलं असतं.

डब्यातली गोष्ट वेगळीच. विरार लोकलमध्ये तिघींच्या बाकावर चौथी बसते, अर्धी आत अर्धी बाहेर, खांबाला धरून. आमच्या ग्रुपचा अलिखित नियम असा की बोरिवलीपर्यंत एकीने बसायचं, मग उठून आपल्यातल्याच दुसरीला द्यायचं. ग्रुपबाहेरची उभी असेल तर ती उभीच. मी ठरवलं की या दिवसांत माझी जागा ग्रुपबाहेरच्या बाईला द्यायची. दोन दिवस कुणी काही बोललं नाही. तिसऱ्या दिवशी माझ्यानंतर जिची पाळी होती ती भडकली. "उपास तुझा, आणि जागा माझी का?" प्रश्न बिनतोड होता. माझ्या पुण्याचं बिल ती भरत होती. शेवटी मी पूर्ण वेळ उभी राहायचं ठरवलं. माझी पाळी बाहेरचीला, तिची पाळी तिला. पायांना हे प्रायश्चित्त चहापेक्षा जास्त जाणवलं.

त्याच बाकावर नालासोपाऱ्याची एक शिक्षिका बसते. त्या वर्षी रमजान 2 मार्चला सुरू झाला आणि राखेचा बुधवार 5 मार्चला आला, म्हणजे आमचे दोघींचे उपास साधारण बरोबरीनेच चालले. दिवसभर शाळेत बोलायचं आणि घोटभर पाणीही नाही. एकदा तिने विचारलं, "तुमच्यात काय काय चालत नाही?" मी म्हटलं, "मी चहा सोडलाय." ती सभ्य बाई, हसली नाही. पलीकडची साबुदाण्याची खिचडी खात बसली होती, संकष्टी होती बहुतेक, ती मात्र खळखळून हसली. 30 मार्चला गुढीपाडवा होता आणि आमचा उपवासकाळातला चौथा रविवार, ज्या दिवशी फादर जांभळ्याऐवजी गुलाबी वस्त्रं घालतात आणि वेदीवर एक दिवस फुलं येतात. दुसऱ्या दिवशी ईद. मंगळवारी डब्यात श्रीखंड, शिरखुर्मा असं सगळं एकदम उघडलं. मी चहा सोडला होता, श्रीखंड सोडलेलं नव्हतं, ही पळवाट मी बुजवली नाही. आजी असती तर बुजवली असती.

वाचलेल्या पैशांचं काय करायचं, हाही प्रश्न असतो. चर्च उपवासकाळात एक लिफाफा देतं, त्यात घालायचे. ही कल्पना आजची नाही. दुसऱ्या शतकातल्या 'हर्मासचा मेंढपाळ' या ग्रंथात उपासाची रीत सांगितली आहे, ती एखाद्या मुनिमाने सांगावी तशी. त्या दिवशी तुम्ही जे जेवला असता त्याची किंमत काढा आणि तेवढी रक्कम विधवेला, अनाथाला किंवा गरजूला द्या. पाचव्या शतकात पोप लिओ उपवासकाळाच्या प्रवचनांत पुन्हा पुन्हा हेच बजावत होते की तुमच्या उपासाने गरिबाचं पोट भरलं पाहिजे. नाहीतर उपास म्हणजे नुसती बचत. स्टेशनवरच्या चहाचे रोजचे पैसे मी जमवले तेव्हा आकडा बघून ओशाळल्यासारखं झालं, इतका तो लहान होता. शेवटी त्यात भर घातली. हिशेबाच्या माणसाला एवढं तरी कळतं की जमा बाजू कधी कधी फुगवावी लागते.

याच दिवसांत रोममध्ये पोप फ्रान्सिस रुग्णालयात होते. 14 फेब्रुवारीला दाखल झाले, दोन्ही फुप्फुसांना न्यूमोनिया. राखेच्या बुधवारी त्यांना रुग्णालयातच राख लावली. दुसऱ्या दिवशी सेंट पीटर चौकात रोझरीसाठी जमलेल्या लोकांना त्यांचा छोटासा ध्वनिसंदेश ऐकवला, स्पॅनिशमध्ये, दर दोन शब्दांना धाप. बातम्यांत तो आवाज लागला तेव्हा आईंनी हाताने मला गप्प राहायची खूण केली. शब्द त्यांना कळत नव्हते, धाप कळत होती. "याला काय सोडायचं ते निवडायला मिळालं नाही," त्या म्हणाल्या. तेव्हा मला त्यांच्याबद्दलही तेच दिसलं. दिसणं सुटलं, विहिरीपर्यंत चालत जाणं सुटलं, धाकट्या मुलाशी बोलणं सुटलं. त्यांचा उपवासकाळ कधीच सुरू झालेला होता, बुधवारची वाट न पाहता. माझा चहा त्यापुढे अगदीच हौसेचा. अशा उपासाला मठाधिपतीची परवानगी लागत नाही, तो दारातून थेट आत येतो, आणि त्यात रोज तोंड धुऊन बसणं हे फार अवघड काम आहे. आई ते करत होत्या. केस विंचरून, लुगडं नीट करून, साडेनऊला.

वाटी दर शुक्रवारी जात होती आणि रिकामी परत येत होती. एका शुक्रवारी ती परत आलीच नाही. शनिवारी नाही, रविवारी नाही. हे बरं लक्षण की वाईट, यावर घरात दोन तट पडले. नवरा पहिल्यांदाच या प्रकरणात बोलला. "वाटी तरी चांगली पाठवायची नाही, स्टीलची सेटमधली होती." सोमवारी दिरांचा नातू ती घेऊन आला. वाटीत चार कैऱ्या. आम्ही त्यांच्याकडे बघत राहिलो, कारण त्या कोपऱ्यातल्या आंब्याच्या होत्या, ज्याच्यावरून सगळं भांडण. आता ही भेट की डिवचणं? आमच्या झाडाच्या घ्या, की तुमच्याच झाडाच्या घ्या? नवऱ्याचा चेहरा ताठ झाला. आईंनी कैरीचा वास घेतला आणि म्हणाल्या, "मीठ लावून ठेव. बाकीचं कोर्ट बघेल."

ईस्टर 20 एप्रिलला झाला. पोप फ्रान्सिस बाल्कनीत दिसले, आशीर्वाद दिला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गेले. आमच्याकडे तळलेले फुगे अजून संपले नव्हते. आईंनी ते दोन दिवस टीव्ही बंदच करू दिला नाही. चहा परत सुरू झाला, आणि खरं सांगते, पहिला घोट काही खास लागला नाही.

वाचन मात्र बंद करायचं कुणाच्या मनात आलं नाही. ईस्टरनंतर चर्चमध्ये प्रेषितांची कृत्ये वाचतात, तेच आम्ही घेतलं, पण बेनेडिक्टच्या शिस्तीने सलग, एकही ओळ न गाळता. त्यामुळे पंधराव्या प्रकरणाच्या शेवटी पौल आणि बर्नबा यांच्या भांडणाशी येऊन पोचलो. रोजच्या मिस्सेच्या वाचनात हा तुकडा येतच नाही. मार्कला बरोबर न्यायचं की नाही यावरून जुंपली. हा मार्क बर्नबाचा चुलतभाऊ, आधीच्या प्रवासात मधूनच परत गेलेला. भांडण इतकं वाढलं की दोघं वेगवेगळ्या वाटांनी गेले.

"संत ना दोघं?" आईंनी विचारलं.

"हो."

"मग पुढे मिटलं का?"

या पुस्तकात तसं काही लिहिलेलं नाही, मी म्हटलं. पण पौलाच्या नावावरच्या शेवटच्या पत्रात, तुरुंगातून, तो मार्कला बरोबर घेऊन ये असं कळवतो. त्याचा उपयोग होईल म्हणतो.

"किती वर्षांनी?"

मी मनात वर्षं मोजली. "पंधराएक."

"आपलं आता सातवं चाललंय," आई म्हणाल्या. "उद्या शुक्रवार ना? फणसाची भाजी कर. पण तिला तिखट कमी लागतं."